मधलंच काहून हरवते?

“मॅडम, नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात एका लेआऊटमध्ये राहते. वय ५१. अकरा वर्षांपासून घरून डबे देते. रोजचे ४०, आणि रविवारी फोनवरून वेगळ्या ऑर्डरी येतात: सांबारवडी, पाटोडीरस्सा, गोळाभात, वडाभात, भरीत. फोन सकाळी येतात तेव्हा माझे हात कणकेत असतात. म्हणून स्पीकर लावून ऐकून घेते, किती झाले ते तोंडीच सांगते, मग हात धुऊन लिहिते. इतकी वर्षं असंच केलं, कधी अडलं नाही. पण दीड-दोन महिन्यांपासून गडबड होऊन राहिली आहे. गिऱ्हाईक सहा-सात गोष्टी सांगते. फोन ठेवला की पहिली आठवते, शेवटची आठवते, मधलंच काहून हरवते समजत नाही. कधी कधी तर शेवटचीही जाते. मागच्या रविवारी त्रेपन्न नंबर प्लॉटचा डबा त्रेसष्टला गेला. त्रेसष्टवाल्यांनी काही न बोलता ठेवून घेतला आणि त्रेपन्नवाल्यांचं बोलणं मी खाल्लं. मुलगा बाजूच्या खोलीत टीव्ही पाहता पाहता ओरडतो, ‘आई, तुझं ध्यानच नसते.’ कूलरच्या आवाजात मला त्याचं ते बोलणंही धड ऐकू येत नाही, ती गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे कोणाला तिखट कमी, कोणाचा गुरुवार, सगळं तोंडपाठ आहे. मागच्या महिन्यात चार नवे डबे लागले, त्यांचंही. पण माझी आई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती. माझंही तेच सुरू झालं काय? एका ओळखीच्या बाईनं स्मरणशक्तीच्या गोळ्या सुचवल्या आहेत, महिन्याला १२०० रुपयांच्या. घेऊ का?”

ताई, ते १२०० रुपये आधी डब्यात परत ठेवा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात तुम्हीच लिहून ठेवलं आहे आणि ते तुमच्या ध्यानात आलेलं नाही. (हे वाक्य मुलाला वाचून दाखवू नका.)

आधी भीतीचं बोलू. आईचं निदान काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण पोटच्या पोरीला चार वर्षं न ओळखणं म्हणजे अल्झायमर किंवा त्याच्या जातकुळीतलं काही, असं धरून चालते. त्या आजारात सुरुवातीला बहुधा असं होतं: आत्ता सांगितलेलं आत्ता म्हणून दाखवता येतं, पण दहा मिनिटांनी ते गेलेलं असतं. नुसतं निसटलेलं नसतं, आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही. म्हणून मग कप विसळून ठेवला तरी ‘आज चहा नाही का?’ असा प्रश्न. डॉक्टर तपासताना तीन शब्द सांगतात, लगेच म्हणवून घेतात, मध्ये दुसरं काही करायला लावतात आणि थोड्या वेळानं तेच तीन शब्द परत विचारतात. खरी परीक्षा त्या दुसऱ्या विचारण्याची असते. पहिली फेरी सुरुवातीच्या काळात बऱ्याच रुग्णांना जमून जाते.

तुमचं नेमकं उलटं आहे. महिनाभरापूर्वी लागलेल्या चार डब्यांची आवडनिवड तुम्हाला पाठ आहे. म्हणजे नवी गोष्ट आत जाते आणि टिकते. अडतं ते दाराशीच, ऐकल्यानंतरच्या पहिल्या १५-२० सेकंदांत.

ही दोन खाती वेगवेगळी आहेत, हे मी पदरचं सांगत नाही. १९६९ साली एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस या लंडनच्या दोघांनी एका रुग्णाची हकीकत छापली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो ‘के. एफ.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला डाव्या बाजूला इजा झाली होती. कानानं ऐकलेले आकडे त्याला एक-दोनच्या पुढे परत म्हणता येत नसत. तेच आकडे डोळ्यांना दाखवले तर त्याहून बरं जमायचं. आणि नव्या गोष्टी शिकून लक्षात ठेवणं जवळपास तुमच्या-माझ्यासारखं. ओट्यावरची फळी मोडली होती, मागची कोठीची खोली शाबूत होती.

तुमची तर फळीही मोडलेली नाही. तिच्यावर एकाच वेळी फार काही ठेवलं जातंय, आणि मागच्या दोन महिन्यांत कोणीतरी ती हलवतंय.

ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणाऱ्या या फळीचं मला सगळ्यांत कामाचं वाटलेलं वर्णन ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांचं, १९७४ सालचं आणि पुढे बॅडलींनी सुधारलेलं. तिथे दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे आवाजाचा ठसा. तो दोनेक सेकंदांत पुसट होऊ लागतो. दुसरी म्हणजे मनातली पुटपुट. ठसा पुसायच्या आत आपण तो शब्द मनात पुन्हा म्हणतो आणि ठसा ताजा होतो. चार शेगड्यांवर चार भाज्या असल्या की पहिली ढवळायची, दुसरी ढवळायची, चौथीपर्यंत जाऊन परत यायच्या आत पहिली खाली लागायला नको. तसंच हे. शेगड्या किती? जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ‘सात, दोन इकडे-तिकडे’ असा आकडा दिला आणि तो इतका गाजला की आजही व्याख्यानात कोणीही तो फेकून टाळ्या घेतं. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा नव्यानं तपासला आणि पुटपुटायला, जोड्या लावायला वाव नसेल तर आकडा चारच्या आसपास येतो असं दाखवलं. मला विचाराल तर स्वयंपाकघरात कोवनच खरे. मी वर्गात बरीच वर्षं मुलांवर हा खेळ केला आहे. सात पदार्थ एकदाच ऐकून क्रमानं बिनचूक सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले निम्मे बाकाखाली लिहून घेत असत.

आता तुमचं ‘मधलंच काहून’. गिऱ्हाईक पहिला पदार्थ सांगतं तेव्हा फळी रिकामी असते. तुम्ही ‘सांबारवडी, सांबारवडी’ असं दोन-तीनदा आरामात पुटपुटता. दुसरा येतो, दोघांना ढवळता. चौथा-पाचवा येईस्तोवर ढवळायला सवडच नसते. शेवटच्याला पुटपुट मिळत नाही, पण त्याला गरजही नाही. तो कानात अजून घुमतोय. मधल्यांच्या वाट्याला पुटपुटही नाही आणि घुमारा तर नाहीच. रंडस नावाच्या संशोधकानं १९७१ मध्ये लोकांना ही पुटपुट मोठ्यानं करायला लावून चक्क मोजली. सुरुवातीच्या शब्दांना सगळ्यांत जास्त फेऱ्या मिळाल्या होत्या. म्हणजे मधलं हरवणं ही तुमची खोड नाही, यादी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या आलेखात मध्ये तो खड्डा असतोच.

त्यात आणखी एक फटका लिहिताना बसतो. आठवणं म्हणजे कपाट उघडून बघणं नव्हे, तेही एक काम आहे, आणि ते करता करता उरलेलं सांडतं. तुम्ही पहिल्या पदार्थापासून लिहायला घेता. दोन ओळी लिहून होईस्तोवर शेवटच्याचा घुमारा विरलेला असतो. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या शेवटचे दोन पदार्थ आधी लिहा (किंवा बोला), मग वरून सुरू करा. उलटं वाटेल. पण हव्या त्या क्रमानं सांगायची मोकळीक दिली की पुष्कळ लोक आपसूक असंच करतात.

‘कधी कधी शेवटचीही जाते’ असं तुम्ही लिहिलं आहे, त्यावर मी जरा थांबले. शेवटचा पदार्थ तर सगळ्यांत ताजा. तो कोण नेतं? तर गिऱ्हाईकच नेतं. यादी संपल्यावर आपल्याकडे फोन ठेवतात का कोणी? ‘आणि एक भरीत. बरं ताई, ऊन किती तापून राहिलं बाप्पा, घराबाहेर पाय ठेववत नाही, पोट्टे काय म्हणतात…’ या पुढच्या शब्दांनी भरीत गेलं. रॉबर्ट क्राउडर आणि जॉन मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हे दाखवून दिलं. लोकांना आकडे ऐकवायचे आणि शेवटी ‘शून्य’ म्हणायचं. ऐकणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, की हे शून्य लक्षात ठेवायचं नाही, ती फक्त ‘आता सांगा’ ही खूण. तरी शेवटचा आकडा घसरला. शून्याऐवजी नुसता बझर वाजवला तेव्हा असं नुकसान झालं नाही. म्हणजे तुमच्या कुकरची शिट्टी निरपराध आहे. माणसाचा आवाज मात्र, त्यात अर्थाचं काही असो-नसो, थेट फळीवर येऊन बसतो आणि तिथलं शेवटचं भांडं ढकलून देतो.

माझंच सांगते. मागे एका कंपनीला फोन करून तक्रार नोंदवली. यंत्रातल्या बाईनं अकरा आकडी क्रमांक सांगितला आणि श्वासही न घेता ‘आपला दिवस आनंदात जावो’ म्हणाली. हे सगळं वर्गात शिकवणारी मी, पेन हातात धरून, शेवटचे दोन आकडे विसरले. दिवस आनंदात गेला नाही.

यापेक्षा मोठी चोरी तर तुम्ही स्वतःच करता. ‘किती झाले ते तोंडीच सांगते’, असं लिहिलं आहे ना? दोन प्लेट वडी, तीन गोळाभात, अर्धा किलो भरीत, त्यात मागची बाकी वजा. १९५९ मध्ये पीटरसन नवरा-बायकोनं लोकांना फक्त तीन अक्षरं सांगितली, आणि लगेच एका मोठ्या आकड्यातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. हेतू एकच, मनातल्या मनात पुटपुटायला सवड मिळू नये. १८ सेकंदांनी ती तीन अक्षरं जवळजवळ सगळ्यांची गेली. तीनच अक्षरं! तुम्ही सात पदार्थ ऐकून लगेच हिशेब करायला घेता, म्हणजे दर रविवारी सकाळी पीटरसनांचा प्रयोग स्वतःवर करता. हिशेब नंतर. ‘लिहून घेते आणि व्हॉट्सॲपवर सांगते’ एवढं म्हणा. गिऱ्हाईक काही पळून जात नाही.

पण हे सगळं अकरा वर्षांपासूनच असेल. मग दोन महिन्यांपासूनच काय झालं?

पत्रात तारीख नव्हती, पण कूलर होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत असावा, किंवा शेजारच्या खोलीत. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बसतो आणि नवतपा संपून पाऊस पडेस्तोवर घोंघावत राहतो. ४५ अंशांत तो बंद करा असं मी सांगणार नाही, मलाही इथेच राहायचं आहे. पण पॅट्रिक रॅबिट यांचं १९६८ सालचं एक काम तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. त्यांनी आकड्यांची यादी ऐकवली. यादीचा पहिला भाग स्वच्छ आवाजात, दुसरा भाग खरखरीत. आणि मग विचारला पहिला भाग, जो स्वच्छ ऐकू आला होता तो. दुसऱ्या भागात खरखर असली की पहिलाच भाग कमी आठवला. का? तर खरखरीतून शब्द ओळखायला जी मेहनत लागली, ती पुटपुटीतून कापली गेली. पदार्थ तुम्हाला ऐकू येतो, तुम्ही ‘हो हो’ म्हणता, चूक काही दिसत नाही. पण ऐकण्यावर जास्त खर्च झाला की धरून ठेवायला कमी उरतं. फोनच्या वेळी दोन मिनिटं कूलरचा पंखा बंद करा, पाणी चालू राहू द्या. नाहीतर फोन घेऊन कूलरपासून लांबच्या खोलीत जा. एक रविवार एवढाच बदल करून बघा.

टीव्हीचं वेगळं. एकसुरी घरघर ऐकायला अडवते, टीव्हीतले संवाद मात्र स्वतःच फळीवर जागा मागतात. १९७६ मधल्या एका प्रयोगात लोकांना अक्षरं डोळ्यांनी वाचून लक्षात ठेवायची होती आणि कानावर त्यांना न येणारं जर्मन वाचन पडत होतं. एक शब्द कळत नव्हता, तरी गळती झाली. तेव्हा ‘मी टीव्हीकडे लक्षच देत नाही’ म्हणून सुटका नाही. ध्यान कोणाचं नसते ते मुलाला आता विचारा. फोन वाजला की रिमोटचं ‘म्यूट’ दाबायचं, ही त्याची ड्यूटी.

त्रेपन्न आणि त्रेसष्टचं प्रकरण मला सगळ्यांत आवडलं, कारण ही चूक हुशार फळीची आहे. १९६४ मध्ये कॉनरॅड यांनी इंग्रजी अक्षरं लोकांना नुसती डोळ्यांनी दाखवली, तरी चुका कानाच्या झाल्या: ‘बी’च्या जागी ‘व्ही’ लिहिलं, दिसायला सारखं अक्षर नाही लिहिलं. म्हणजे फळीवर चित्र नसतं, अर्थही फारसा नसतो, नाद असतो. तुमचं डोकं विस्कटलेलं असतं तर त्रेपन्नचा डबा अठराला गेला असता. तो गेला नादानं शेजारी असलेल्या नंबराकडे. त्यात आपली मराठी संख्यानामं एकम आधी आणि दशक नंतर सांगतात. ‘त्रे’ ठसठशीत ऐकू येतं. ‘पन्न’ की ‘सष्ट’ हे शेपटाला, तेही कूलरमध्ये. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतो? मीही तेव्हा ‘त्रेपन्न’च्या बाजूनं तावातावानं बोलले होते. भाषेसाठी अजूनही बोलेन. पण प्लॉट नंबरासाठी नाही. ‘पाच-तीन’ असंच विचारा आणि ‘पाच-तीन’ असंच म्हणून दाखवा. स्टेशनवर दुरांतोची घोषणा ऐका: ‘एक, दोन, दोन, नऊ, शून्य’. बारा हजार दोनशे नव्वद असं कोणी म्हणत नाही, आणि तीच घोषणा पुन्हा होते.

पदार्थांतही ही भाऊबंदकी आहे. गोळाभात, वडाभात, मसालेभात हे तिघं फळीवर शेजारी बसले की एकमेकांचे कपडे घालतात. तुमच्यापुरतं त्यांना ‘गोळा’, ‘वडा’, ‘मसाला’ म्हणा, शेपूट कापा. शब्द आखूड झाल्याचा दुसराही फायदा आहे: दोनेक सेकंदांत जितकं म्हणून होतं तितकंच साधारण फळीवर राहतं, हे बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजलं आहे. ‘पाटोडीरस्सा’ म्हणायला जेवढा वेळ लागतो त्यात ‘पाटो, वडा’ दोन्ही होतात.

आता कणकेचे हात. ‘कागद-पेन जवळ ठेवा’ असा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल आणि तुम्ही मनात त्यांना हात जोडले असतील. म्हणून हे करा. गिऱ्हाईक एक पदार्थ बोललं की कणकेची एक बोराएवढी गोळी तोडून परातीच्या काठावर ठेवा. दुसरा बोललं, दुसरी गोळी. फोन संपला तेव्हा काठावर सहा गोळ्या आहेत आणि तुम्हाला पाचच आठवतात, तर निदान एक राहिलं हे तरी कळलं. काय गेलं ते समजण्याच्या आधी किती गेलं ते समजणं फार मोठी गोष्ट आहे. तुमचा आजचा घोळ असा, की डबा निघून गेल्यावर कळतं. तीन गोळ्या झाल्या की गिऱ्हाईकाला थांबवा: ‘थांबा हं. वडी, गोळा, पाटो. पुढे?’ मोठ्यानं म्हणायचं. आपल्या तोंडून म्हटलेलं कानावर पुन्हा पडतं, आणि तीन पदार्थांची एक जुडी बांधली जाते. मानसशास्त्रात तिला ‘चंक’ म्हणतात. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या सुट्या मोजत नाही ना आपण, जुड्याच मोजतो. दोन जुड्या म्हणजे फळीवर दोनच नग. मोबाइल नंबर आपण पाच-पाच असा तोडून सांगतो, ते याच पोटी.

आणि राहिलेली एक गोळी कोणाची, ते शोधायला डोक्याला ताण देऊ नका. सांबारवडीपासून सोलकढीपर्यंत तुमचे रविवारचे सगळे पदार्थ ठळक अक्षरांत लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवा आणि एकेक नाव वाचत जा. ‘काय होतं?’ यापेक्षा ‘हे होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं डोक्याला कितीतरी सोपं जातं. सॉल स्टर्नबर्ग यांनी १९६६ मध्ये असंच विचारून वेळ मोजली. आधी एक ते सहा आकडे दाखवायचे, मग एकच आकडा दाखवून ‘हा होता का?’ असं विचारायचं. यादीतल्या प्रत्येक वाढीव आकड्यामागे उत्तराला साधारण ३८ मिलिसेकंद जास्त लागले. एका सेकंदाचा पंचविसावा-सव्विसावा भाग! त्यांचं म्हणणं असं, की मेंदू यादी ओळीनं तपासतो, आणि हवं ते मधेच सापडलं तरी शेवटपर्यंत जाऊन येतो. यावर पुढे बरीच भांडणं झाली; एकाच वेळी सगळीकडे बघतो, असं म्हणणारेही आहेत. ते भांडण त्यांना करू द्या. तुमच्यासाठी मुद्दा एवढाच, की भिंतीवरची यादी वाचत जाताना ‘भरीत’वर नजर गेली की आतून ‘हो’ येतं, किंवा येत नाही. मात्र हे फोन ठेवल्या ठेवल्या करा. भाजीवाला येऊन गेल्यावर नाही.

ज्यांना जमतं त्यांना ऑर्डर बोलून व्हॉइस मेसेज पाठवायला सांगा, तो परत ऐकता येतो. जुनी गिऱ्हाइकं ऐकणार नाहीत, ठीक आहे.

डॉक्टरांकडे जायचं का? जायचं, पण पहिल्यांदा कानांसाठी. मुलाचं बोलणं कूलरमध्ये ‘धड ऐकू येत नाही’ हे तुम्ही चेष्टेनं लिहिलं, मी ते तसं घेतलं नाही. पन्नाशीनंतर ऐकणं हळूहळू कमी होतं आणि गोंगाटात ते आधी जाणवतं. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यांत, कान-नाक-घशाच्या ओपीडीत तपासून घ्या. सोबत रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ जरूरच, ते कमी असलं तर डोकं खरंच जड चालतं. पाळी जायच्या वयात झोप मोडते आणि शब्द अडतात, तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. या तपासण्या झाल्यावर १२०० रुपयांच्या गोळ्यांची आठवणही येणार नाही.

आणि आईची आठवण आहे म्हणून हेही स्पष्ट सांगते, की कशाला घाबरायचं. अकरा वर्षं केलेल्या गोळाभाताची कृती मधेच अडू लागली, नेहमीच्या रस्त्यावर घर सापडेना, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारला आणि आपण विचारला हे तुम्हाला पटेना, पैशांचा साधा व्यवहार गोंधळू लागला, आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या ध्यानात आलं, तर वाट न बघता मेंदूविकार तज्ज्ञाकडे जा. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. उलट आपण काय विसरतो, कधी विसरतो आणि यादीत कुठल्या जागेवर विसरतो, हे तुम्ही इतकं नेमकं टिपलं आहे, की माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांना ते कधी जमलं नाही.

येत्या रविवारी किती गोळ्या काठावर आल्या आणि किती पदार्थ आठवले ते लिहून ठेवा. पंखा बंद ठेवून एक रविवार, चालू ठेवून एक रविवार. मला आकडे कळवा. आणि सहा-तीन नंबरवाल्यांना एक फोन करून सांबारवडी कशी झाली होती ते विचारा.